कलम सातवं

वेंगुर्ल्याच्या नर्सरीत अठ्ठावीस वर्षं मी कलमं बांधतो.
कोय उगवते, पानं तांबूस असतात तेव्हाच पाचर,
डोळकाडी, प्लास्टिकची पट्टी घट्ट.
दर रोपामागे सुरी स्पिरिटने पुसायची.
तरी काडी निरोगी दिसली म्हणजे निरोगी असते
असं नाही.
मातोंडच्या एका बागेत माझ्या हातची दोनशे झाडं
सातव्या वर्षी डिंक गाळू लागली.
मालक काही बोलला नाही. चहा दिला.

म्हणून डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला
तेव्हा मी आधी शेवटचं पान काढलं.

कुमुदला अकराव्या वर्षापासून साखर.
आता शरीर इशाराही देत नाही,
घाम नाही, थरथर नाही,
पेडवे साफ करता करता विळीसमोर ती गप्प होते.
रात्री तीनला मी उठतो, गजराशिवाय,
तिच्या गालाच्या आत बोटाने मध लावतो.
मीटरवर अडतीस. मग पंचावन्न.
मग ती विचारते, "कित्या जागो आसस?"

डुकराच्या स्वादुपिंडातल्या पेशी, डॉक्टर म्हणाले,
त्यांना बेटं म्हणतात.
मला आमचे समुद्रातले खडक आठवले, दीपगृहाचे,
किनाऱ्यावरून स्वच्छ दिसतात,
वस्ती कुणाची ते कळत नाही.
ही बेटं शेवाळाच्या अर्कात गुंडाळून पोटात सोडायची.
शेवाळ साखर आत घेतं, इन्सुलिन बाहेर देतं,
आपल्या रक्तातल्या शिपायांना दारात अडवतं.
"आणि विषाणूला?"

डॉक्टर तरुण होते. पेनाचं टोपण काढलं, लावलं.
ही डुकरं बंद घरात वाढतात,
माणूस आंघोळ करून आत जातो,
बाकी सगळं गाळून काढलंय.
एक मात्र गाळता येत नाही,
कारण तो डुकराला झालेला नाही,
डुकरात लिहिलेला आहे,
आईकडून पिल्लाकडे, हजारो पिढ्या, झोपेत.
माणसात जागा झालेला
अजून कुणी पाहिला नाही.

अजून.
समुद्र अजून कुंपणाला लागलेला नाही,
असं शेजारचा कैतान दर वर्षी म्हणतो
आणि दर वर्षी कुंपण दोन हात मागे घेतो.
त्याच्या डुकरीला नऊ पिल्लं झाली.
संध्याकाळी मी तिच्यासमोर उभा राहिलो.
तिच्यात काय लिहिलंय, तिलाही वाचता येत नसावं.
तिने नाक वर केलं,
फणसाच्या चारखंडाकडे वळली.

कलम सातवं असं:
पतीचंही रक्त, वर्षातून एकदा, मरेपर्यंत.
दोघांनी रक्तदान करू नये.
मेल्यावर नमुने द्यावेत.
म्हणजे सही नुसती तिच्यासाठी नाही;
माझ्यातून जे पुढे जाईल
ते एसटीत शेजारी बसणाऱ्याचं,
कॅम्पातल्या बाजारात सुटे पैसे देणाऱ्या बाईचं.
त्यांच्यापुढे कागद कोण ठेवणार?
खुंटाला तरी मी कधी विचारलं होतं?

कुमुद हसली. "डुकर माज्या पोटात, आणि सुई तुका?"
मग म्हणाली, लहानपणी तिचं इन्सुलिन
डुकराचंच असायचं;
आजोबा बर्फाच्या डब्यातून सावंतवाडीहून आणायचे,
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
"डुकर माका नवो नाय."
थोडा वेळ गेला.
"पन तो बाटलेतलो. ह्यो जितो."

कागद फ्रिजवर आहे, इन्सुलिनच्या डोक्यावर,
वाऱ्याने उडू नये म्हणून
मी त्यावर कलमाची सुरी ठेवलीय, पुसलेली.
काल झोपताना ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
"माका एक रात नीट निजाचा आसा.
तुका पन."

तीन वाजले. मी जागा आहे.
तिचा श्वास मोजतोय.
माझ्या दंडातली शीर
पहिल्यांदाच मला ऐकू येतेय.